मोजलंच नाही, तर पुरावा येणार कुठून?

शेतीच्या औषधाच्या डब्यावर एक तिरका चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग भरलेला असतो. शेतकरी डब्यावरचं बाकी काही वाचो न वाचो, हा रंग त्याच्या नजरेत भरतोच. लाल म्हणजे जहाल, हिरवा म्हणजे साधं. रंग ठरतो तो प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना किती मात्रा दिली की त्यातले निम्मे मरतात, यावरून. थोड्यात मेले तर लाल. वजनाच्या किलोमागे पाच हजार मिलिग्रॅमहून जास्त लागलं तर हिरवा.

तडकाफडकी होणाऱ्या विषबाधेपुरती ही खूण उपयोगाची आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा सगळ्यांचं लक्ष जहाल औषधांकडे गेलं, आणि ते जायलाच हवं होतं. पण माणसाला त्या दिवशी न मारता त्याच्या, किंवा त्याच्या पोटच्या लेकराच्या, शरीरातली संप्रेरकांची (हार्मोन्सची) यंत्रणा बिघडवणारी रसायनंही असतात. त्यांच्याबद्दल हा चौकोन काहीच सांगत नाही.

वसमत, औंढा, अर्धापूर हा मराठवाड्यातला हळदीचा पट्टा. पावसाळ्यात पानांवर करपा आला की दुकानातून पहिली पुडी येते ती मॅन्कोझेबची. आमच्याकडे त्याला कुणी मॅन्कोझेब म्हणत नाही, 'एम पंचेचाळीस' म्हणतात. त्यावर हिरवा रंग असतो. हेच बुरशीनाशक युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या यादीतून काढून टाकलं. काढताना दिलेल्या कारणांत दोन ठळक होती: ते प्रजननाला घातक आहे आणि माणसाच्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतं. मॅन्कोझेबचं विघटन होताना इथिलीन थायोयुरिया नावाचं द्रव्य तयार होतं, आणि थायरॉइड ग्रंथी ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने आपलं संप्रेरक बनवते त्या विकरालाच ते अडवतं. गर्भाला पहिले साधारण तीन महिने स्वतःचं थायरॉइड संप्रेरक बनवता येत नाही. त्याच्या मेंदूची बांधणी त्या काळात आईच्या संप्रेरकावर चालते. मग दुसरा महिना चालू असलेली बाई हे औषध हाताळत असेल, तर तिच्या शरीरात त्यातलं किती उतरतं? हिंगोली, परभणी, नांदेडमध्ये या प्रश्नाचं उत्तर शोधणारी कुठलीही नियमित सरकारी तपासणी नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

भाद्रपदात अशा एखाद्या शेतावर थांबून बघा. बांधावर प्लास्टिकचं टिपाड असतं. विहिरीवरून पाणी आणून ते भरायचं काम बायकांचं. पुडी फोडायची, भुकटी पाण्यात सोडायची, काठीने ढवळायची; काठी हाताशी नसली तर कोपरापर्यंत हात घालायचा. त्यातच एखादं कीटकनाशक जातं, वर टॉनिक जातं, आणि हळदीच्या गुळगुळीत पानावर पाणी टिकत नाही म्हणून स्टिकर जातं. पंपाला किती घालायचं याचं माप बाटलीच्या टोपणाचं. मग पंप गड्याच्या पाठीवर चढतो. म्हणून कृषी खात्याच्या पत्रकातला मास्क आणि हातमोजे घातलेला माणूस बहुधा पुरुषच असतो. टिपाड ढवळणारी बाई त्या चित्रात येत नाही. दोन-तीन दिवसांनी त्याच रानात निंदायला तीच उतरते, आणि कपाशीचं रान असेल तर पुढे वेचणीलाही तीच असते. नोंदणीच्या वेळी औषधं बहुतेक सुटी सुटी तपासली जातात, इथे मात्र तीन-चार एका टिपाडात येतात आणि त्या मिश्रणाची तपासणी कुणीच केलेली नसते.

अशा रसायनांना विषाचा जुना नियम लावून चालत नाही. मात्रा वाढली की अपाय वाढतो आणि मात्रा पुरेशी कमी केली की काळजी नाही, हे गृहीत धरून आपली बहुतेक सरकारी मानकं बांधलेली आहेत. संप्रेरकं मात्र शरीरात अत्यंत सूक्ष्म प्रमाणात काम करतात, आणि त्यांच्या बाबतीत वेळ ही मात्रेइतकीच महत्त्वाची असते. पेरणीनंतर उगवणीच्या वेळी पडलेला पंधरा दिवसांचा खंड आणि काढणीच्या तोंडावर पडलेला पंधरा दिवसांचा खंड मराठवाड्यातला कुठलाही शेतकरी एकाच मापाने मोजणार नाही. गर्भातल्या ठरावीक आठवड्यांचंही तसंच आहे.

शिवाय परिणाम दिसायला वेळ लागतो. अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून गरोदर बायकांना डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम स्त्री-संप्रेरक (इस्ट्रोजेन) वर्षानुवर्षं दिलं गेलं. आयांना काही झालेलं दिसलं नाही. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्या आयांच्या वयात आलेल्या मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग सापडतो आहे. औषध आईने घेतलं होतं आणि आजार पंधरा-वीस वर्षांनी लेकीला झाला. याचा धागा जुळला तो दवाखान्यांत नोंदी होत्या म्हणून. टिपाडात किती टोपणं गेली याची नोंद कुठे असते?

आता सरकारांनी काय केलं ते पाहू. 'संप्रेरकांत व्यत्यय आणणारी रसायनं' ही कल्पना १९९१ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या विंगस्प्रेड इथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी मांडली. त्यांच्यात थिओ कोलबॉर्न प्रमुख होत्या. पाच वर्षांत, १९९६ मध्ये, अमेरिकी संसदेने कायदा करून तिथल्या पर्यावरण संस्थेला बजावलं की कीटकनाशकांची या दृष्टीने तपासणी करा. १९९८ मध्ये कार्यक्रम ठरला, चाचण्यांचे पहिले आदेश निघायला २००९ उजाडलं, आणि २०१५ पर्यंत पहिल्या टप्प्यातल्या ५२ रसायनांचे निकाल आले. त्यानंतर काम इतकं थंडावलं की २०२१ मध्ये त्या संस्थेच्याच महानिरीक्षकाने अहवालात ताशेरे ओढले. युरोपने २०१३ च्या अखेरपर्यंत निकष ठरवायचं कबूल केलं होतं. ते झालं नाही. स्वीडनने युरोपीय आयोगाला न्यायालयात खेचलं, २०१५ मध्ये निकाल आयोगाच्या विरोधात गेला, आणि कीटकनाशकांसाठीचे निकष २०१८ मध्ये आले. म्हणजे श्रीमंत सरकारांनीही चालढकलच केली. पण त्यांच्याकडे चालढकल पकडता येते, कारण कायद्यात हुकूम आहे, तारीख आहे आणि मोजमाप आहे.

यातल्या मोजमापाला मी सर्वांत जास्त महत्त्व देते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत हजारो लोकांचं रक्त आणि लघवी घेऊन त्यातली रसायनं तपासली जातात. २००३-०४ च्या नमुन्यांत सहा वर्षांवरच्या सुमारे ९३ टक्के लोकांच्या लघवीत बिस्फेनॉल ए सापडलं. संप्रेरकांत व्यत्यय आणणारं हे रसायन पॉलीकार्बोनेट प्लास्टिकमध्ये असतं. आपल्या २० लिटरच्या पारदर्शक निळसर जारपैकी पुष्कळ त्याच प्लास्टिकचे असतात, आणि ते तापलं, जुनं झालं की त्यातून बिस्फेनॉल जास्त सुटतं. आपल्याकडे ४२-४३ अंशांच्या उन्हात हे जार उघड्या टेम्पोतून गावभर फिरतात. तिकडे आकडा हाती आल्यावर मात्र वाद सुरू झाला, संशोधनाला पैसा मिळाला, दुधाच्या बाटल्यांवर बंधनं आली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बिस्फेनॉलची रोजची सुरक्षित मर्यादा २०१५ च्या मर्यादेच्या वीस हजार पट खाली आणली. एका पिढीत सुरक्षित मर्यादा इतकी घसरत असेल, तर आज सुरक्षित म्हणून ठरवलेल्या इतर मर्यादांवर डोळे मिटून विसंबणं मला जमत नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये बाळाच्या दुधाच्या बाटलीपुरती अट घातली. ते चांगलं झालं, पण त्या बाळाची आई ज्या जारचं पाणी पिते त्याचं काय?

भारतात कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे. गर्भावर, प्रजननावर परिणाम होतो का याचे अहवाल नोंदणीच्या वेळी मागितले जातात, पण संप्रेरकांत ढवळाढवळ हा नोंदणी नाकारण्याचा स्वतंत्र निकष त्या कायद्यात नाही. नव्या कायद्याचे मसुदे २००८ पासून येत राहिले. २०२० मध्ये राज्यसभेत विधेयक मांडलं गेलं, ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला आणि गाडी तिथेच अडली. दरम्यान २०१३ मध्ये नेमलेल्या अनुपम वर्मा समितीने इतर देशांत बंद किंवा मर्यादित असलेल्या ६६ कीटकनाशकांचा आढावा घेतला. २०१८ मध्ये १८ औषधांवर बंदीचा आदेश निघाला. मे २०२० मध्ये आणखी २७ बंद करण्याचा मसुदा आला. त्यात मॅन्कोझेब होतं, ॲट्राझिन हे तणनाशक होतं, कार्बेन्डाझिम होतं, क्लोरपायरीफॉस होतं. मग हरकती आल्या, समित्या बसल्या. २०२३ चा अंतिम आदेश निघाला तेव्हा २७ पैकी पूर्ण बंद झाली तीन: डायकोफॉल, डायनोकॅप आणि मेथोमिल. मोनोक्रोटोफॉसचं एक रूप बंद झालं. बाकीची, काहींवर थोडी बंधनं घालून, दुकानात राहिली.

अशा वेळी एक युक्तिवाद हटकून पुढे येतो: परदेशातला पुरावा इथे कसा लागू होईल, भारतातल्या माणसांवर परिणाम झाल्याचं दाखवा. मागणी वाजवी वाटते. पण दाखवायचं कुणी? मजुराने? नमुने घेण्याची, प्रयोगशाळेत पाठवण्याची, वीस वर्षं पाठपुरावा करण्याची ताकद सरकारकडे आहे. सरकार मोजत नाही म्हणून पुरावा तयार होत नाही, आणि पुरावा नाही म्हणून औषध चालू राहतं. हे चक्र तुटलं तरच पुढचं काही होईल.

ते एकदा तुटलं होतं, केरळमध्ये. कासरगोड जिल्ह्यात सरकारी महामंडळाच्या काजूच्या बागांवर सुमारे वीस वर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं गेलं. गावातल्या लोकांनी आणि डॉक्टरांनी आरडाओरडा केल्यावर अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था तिथे गेली. तिने फवारणीखालच्या गावातल्या शाळकरी मुलांची तुलना फवारणी नसलेल्या गावातल्या मुलांशी केली. रक्तात एंडोसल्फान मोजलं, संप्रेरकं मोजली. फवारणीखालच्या मुलांचं वयात येणं लांबलेलं दिसलं. २००३ मध्ये हा अभ्यास आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. सरकारी संस्थेने, भारतीय मुलांवर, भारतीय परिस्थितीत केलेला अभ्यास! तरीही देशभर बंदी आली ती मे २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. तोवर आपल्या कपाशीवरही ते पडतच होतं. पुरावा आणूनही आठ वर्षं गेली हे संतापजनक आहेच. पण न्यायालयाची लढाई उभी राहू शकली त्यामागे तो अभ्यासही होता.

मराठवाड्यात हेलिकॉप्टर नाही. इथे फवारणी प्रत्येकाच्या पाठीवरून, प्रत्येकाच्या रानात, थोडी थोडी होते. त्यामुळे एका जागी उभं राहून बोट दाखवता येईल असं गाव सापडत नाही, आणि म्हणूनच इथे सरकारी मोजणीची गरज कासरगोडपेक्षाही जास्त आहे.

आपल्याकडे मोजलं जातं ते काय? छत्रपती संभाजीनगरला कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी आहे, धाराशिव आणि बीडसाठीही आहे. मोलाचं काम आहे ते. पण ती आजार झाल्यावरची मोजणी आहे, आधी शरीरात काय गेलं याची नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायकांना पाणी तपासायचं किट दिलं, शिकवलं. त्यात क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, लोह कळतं. कीटकनाशक कळत नाही.

पाण्याच्या मानकांत तर उघड भेद आहे, आणि तो मला फार टोचतो. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, लिटरमागे ॲट्राझिन २ मायक्रोग्रॅमपर्यंत आणि क्लोरपायरीफॉस ३० मायक्रोग्रॅमपर्यंत चालवून घेतं. पॅकबंद बाटलीचं मानक, आयएस १४५४३, कुठल्याही एका कीटकनाशकाला ०.१ मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाही. बाटलीचं मानक कडक झालं ते २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकं दाखवून दिल्यावर. शहरातला वाचक हादरला आणि सरकार हललं. सिल्लोड-कन्नडच्या मक्यात ॲट्राझिन वापरतात, उसातही वापरतात, आणि त्याच शिवारातल्या बोअरचं पाणी पिणाऱ्याला बाटलीवाल्याच्या वीस पट ॲट्राझिन कायद्याने चालतं. मॅन्कोझेबचं नाव तर आयएस १०५०० च्या कीटकनाशकांच्या तक्त्यात नाहीच. ॲट्राझिनचा संप्रेरकांशी संबंध कुणा चळवळ्याने जोडलेला नाही. अमेरिकेची पर्यावरण संस्थाच त्याची मर्यादा ठरवताना उंदरांमधल्या बीजोत्सर्ग घडवणाऱ्या संप्रेरकावरचा परिणाम धरते.

शेतकऱ्यांची बाजू मी बाजूला सारत नाही. करपा आवरला नाही तर हळदीचे कंद पोसत नाहीत, आणि मॅन्कोझेबसारखं स्वस्त औषध उद्या दुकानातून नुसतं उचललं तर त्याच्या जागी महागडं, कदाचित त्याहून कमी तपासलेलं काही येईल. भुर्दंड त्यालाच पडेल. म्हणून बंदीचा आदेश एकटा येता कामा नये. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने आधी पर्याय शेतात तपासून द्यावेत, आणि आदेशाच्या दिवशी ते दुकानात परवडणाऱ्या भावात असावेत. शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवणारं पर्यावरणप्रेम मला मान्य नाही. टिपाडाच्या सगळ्यांत जवळ त्याच्याच घरातलं माणूस असतं.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा असतो, आणि तो रास्त आहे. तालुक्याच्या गावातही आता वंध्यत्वाची केंद्रं झाली, कोवळ्या मुलींना थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, पाळीच्या तक्रारी वाढल्याचं सगळेच बोलतात; पण हे सगळं रसायनांच्या माथी मारता येणार नाही. आहार बदलला, बसणं वाढलं, तपासण्या वाढल्या म्हणून निदानही वाढलं. यातला रसायनांचा वाटा किती हे आज कुणीच सांगू शकत नाही, आणि मीही सांगत नाही. पण वाटा अज्ञात आहे म्हणून तो शून्य धरायचा, हे शास्त्र नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात सावधगिरीचं तत्त्व या देशाच्या कायद्याचा भाग मानलं आहे: गंभीर हानीची शक्यता असेल तर शास्त्रीय खात्री नाही या सबबीवर उपाय लांबवता येणार नाहीत, आणि आपलं काम निर्धोक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते करणाऱ्याची. हे तत्त्व टिपाडापर्यंत कधी येणार?

मोजणं अवघड आहे, असंही म्हणतात. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याचं २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा सरकारने ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी केली आणि १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्याची कारणं वेगळी आहेत, मुकादमाच्या दंडात आणि खासगी दवाखान्यांच्या नफ्यात ती शोधावी लागतात. रसायनांशी मी ती जोडत नाही. पण यंत्रणेच्या मनात आलं तर वाडी-तांड्यापर्यंत जाऊन हजारो बायकांशी बोलता येतं, हे तिथे दिसलं.

दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायका सरकारी दवाखान्यात येतातच. रक्त-लघवी तपासली जातेच. त्यातलाच एक नमुना, बाईची संमती घेऊन, गोठवून ठेवायचा. संभाजीनगरची घाटी आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेडची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं यात उतरली तर आठ जिल्ह्यांतल्या काही हजार बायकांचा गट उभा राहील. तपासणीसाठी हैदराबादची पोषण संस्था, अहमदाबादची व्यावसायिक आरोग्य संस्था आणि मुंबईची प्रजनन आरोग्य संस्था या आयसीएमआरच्याच, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच आहेत. लघवीत इथिलीन थायोयुरिया, ॲट्राझिनचे अंश, बिस्फेनॉल बघायचं. रक्तात थायरॉइड बघायचं. बाळ जन्मल्यावर टाचेच्या थेंबातून त्याचंही बघायचं. पुढे अंगणवाडीच्या नोंदी आहेत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं येतात. पाठपुराव्याची साखळी तयार आहे, तिच्यात हा एक दुवा घालायचा आहे. निकाल त्या त्या बाईला मराठीत सांगायचे आणि गावागणिक आकडे जाहीर करायचे. अडकलेला कीटकनाशक कायदा पुन्हा संसदेत येईल तेव्हा त्यात संप्रेरकांचा निकष घालून चाचणीचा खर्च उत्पादकावर टाकण्याची आणि तारीख बांधून देण्याची मागणी मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या खासदारांनी लावून धरावी. तेव्हा त्यांच्या हातात इथले आकडे असले पाहिजेत.

नमुने दोनदा घ्यावे लागतील, फवारणीच्या ऐन दिवसांत एकदा आणि उन्हाळ्यात रानं मोकळी असताना एकदा, म्हणजे फरक कळेल. पहिली फेरी दिवाळीच्या आत उरकायला हवी. ऊसतोडीच्या टोळ्या एकदा कारखान्यांकडे निघाल्या की बीड-धाराशिवच्या या बायका पुढचे पाच-सहा महिने गावात सापडत नाहीत, आणि त्यांच्या पोटातल्या लेकराचे ते महिने पुन्हा मोजता येत नाहीत.